काकांच्या कामावर माझी सही

आमच्या घरात देव नव्हते, पत्रकं होती. लंडनजवळच्या इल्फर्डमध्ये, पुढच्या खोलीत पप्पांचं सायक्लोस्टाइल मशीन होतं आणि शाईचा वास जेवणाच्या टेबलापर्यंत यायचा. 'कुणी मोठ्या माणसाने सांगितलं म्हणून मानू नका, तपासा' हे पप्पांचं आवडतं वाक्य. ते दर दुसऱ्या पत्रकात असायचं, आणि मराठी अक्षरं मी त्याच्यावरच बोट फिरवून शिकले.

सोळाव्या वर्षी मी प्लंबर व्हायचं ठरवलं. कॉलेजमधल्या बाईंनी हेअरड्रेसिंगचा फॉर्म माझ्यापुढे सरकवला. मी तो परत सरकवला. प्लंबिंगच्या फॉर्मवर मात्र त्या धंद्यातल्या कुणाची तरी शिफारस लागत होती, आणि ती सही काकांनी केली. काका म्हणजे पप्पांचे दोस्त. कौन्सिलच्या, म्हणजे तिथल्या नगरपालिकेच्या, घरांत पंचवीस वर्षं नळ, पाइप आणि टाक्या बसवलेला माणूस. सही करून पेनाचं टोपण लावत म्हणाले, "माझं नाव घालवू नकोस, म्हणजे झालं."

आठ वर्षांनी त्याच काकांच्या कामावर सही करायला मी नकार दिला.

आमच्या मंडळींनी विहारासाठी एक जुना हॉल घेतला होता. रविवारी उद्घाटन होतं, दीडशे माणसांचं जेवण होतं. किचनला गरम पाणी हवं म्हणून पाणी तापवायचा नवा सिलिंडर आला आणि तो काकांनी दान म्हणून, एक पैसा न घेता बसवला. पण हा सिलिंडर त्यांच्या सवयीचा नव्हता. जुन्या पद्धतीत लॉफ्टमध्ये, म्हणजे छपराखालच्या माळ्यावर, थंड पाण्याची टाकी असते, तिथून पाणी आपल्या वजनाने खाली येतं आणि वाफेला वर जायला एक पाइप कायम उघडा असतो. नवा सिलिंडर बंद. रस्त्याच्या मेन लाइनचं पाणी थेट दाबाने आत येतं. त्यात थर्मोस्टॅट बिघडला आणि पाणी तापतच राहिलं, तर सिलिंडर भिंती घेऊन उडू शकतो. म्हणून त्याला एक सेफ्टी व्हॉल्व्ह असतो. तो आपोआप उघडतो आणि उकळतं पाणी बाहेर सोडतो. हे सिलिंडर तेव्हा इंग्लंडात नवेच होते आणि त्यांचं वेगळं सर्टिफिकेट घ्यावं लागे. आमच्यात ते फक्त माझ्याकडे होतं. त्यामुळे सिलिंडर भरून, तापवून, तपासून फॉर्मवर सही करायचं काम माझ्याकडे आलं.

शनिवारी सकाळी मी पोचले तेव्हा काका सिलिंडरच्या कपाटाचं दार उघडून उभेच होते. "या, इन्स्पेक्टरबाई! काढा चुका!"

काम देखणं होतं. कॉपरचे पाइप ओळंब्यात, एकेक जोड पुसून लखलखीत केलेला. मी सिलिंडर भरला, नळ सोडून हवा काढली, सगळ्या जोडांवरून कोरडा कागद फिरवला. कुठेही थेंब नाही. मग सवयीप्रमाणे सिलिंडरच्या खोक्यातलं माहितीपत्रक वाचायला घेतलं, तर ते कुणी उघडलेलंच नव्हतं, अजून स्टेपल केलेलं होतं. त्याच्याखाली एक प्लॅस्टिकची पिशवी, आणि पिशवीत टनडिश.

टनडिश म्हणजे पाइपाच्या मध्ये बसवायचं उघडं नरसाळं. सेफ्टी व्हॉल्व्ह उघडला की पाणी त्यातून पडताना दिसतं, आणि तिथून पाइप खाली उतरत बाहेरच्या गटारावर जातो. तो पाइप वर चढता कामा नये.

"काका, हे पिशवीतच राहिलंय."

"लागलंच नाही. मी त्याहून भारी केलंय." त्यांनी बोट छताकडे केलं. सेफ्टी व्हॉल्व्हचा पाइप वर जात होता, थेट लॉफ्टमधल्या जुन्या प्लॅस्टिकच्या टाकीत. "पाणी टाकीत, टाकीतून संडासाच्या फ्लशला. एक थेंब गटारात जाणार नाही. सांग तुझ्या कॉलेजला!"

काकांच्या गावी आमच्या माणसांना विहिरीला हात लावू देत नसत. त्यांची आई घागर घेऊन बाजूला उभी राहायची, कुणी वरून ओतेल तेव्हा घरात पाणी. अशा माणसाला चांगलं पाणी गटारात सोड म्हणणं काय असतं, ते मला कळत होतं. तरीही त्या टाकीखाली पोरांच्या वर्गाची खोली होती.

"काका, मी यावर सही करू शकत नाही."

तेवढ्यात मंडळाचे अध्यक्ष आले. ते मेडनहेड गावातले डॉक्टर, आणि खुर्च्या उतरवायला पप्पाही त्यांच्याबरोबर आले होते. डॉक्टरसाहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि समजुतीच्या सुरात म्हणाले, "अगं, आज करून टाक सही. पाइपचं सोमवारी बघू."

"पेशंटला न तपासता तुम्ही फिट म्हणून लिहून देता?"

"जीभ बघा पोरीची!" ते पप्पांकडे वळले.

पप्पा चष्मा पुसायला लागले. "ही काय बाहेरची माणसं आहेत, अशी तुटून पडायला?"

माझं डोकं तापलं. "म्हणजे तपासायचं ते फक्त बाहेरच्यांना? पत्रकात तसं लिहायचं होतं ना मग, खाली बारीक अक्षरात!"

सिलिंडरमधला विजेचा हीटर मी अजून लावलाच नव्हता. त्याचा फ्यूज काढून खिशात टाकला आणि एका कागदावर 'वापरू नये' लिहून तो सिलिंडरवर चिकटवला. अक्षरं थोडी लहान काढायला हवी होती, एवढंच मला आज वाटतं.

काका त्या कागदाकडे बघत होते. "माझ्या हातचा जोड आजवर गळला नाही."

"जोड उत्तम आहेत, काका. माझ्याहून चांगले आहेत. पाइप चुकीच्या दिशेने गेलाय. थर्मोस्टॅट अडकला, तर त्या टाकीत कसलं पाणी पडेल?"

"गरम."

"किती गरम? आणि ते पडतंय हे खाली कुणाला कळेल?"

त्यांनी शिडी लावली, लॉफ्टमध्ये चढले. आम्ही तिघं खाली, माना वर करून. त्यांनी टाकीच्या अंगावर दोन थापा मारल्या, मग खालची फळी हलवून पाहिल्याचा आवाज आला. उतरले तेव्हा त्यांच्या भुवयांवर धूळ होती.

"एका फ्लॅटमध्ये पाहिलं होतं मी," ते पप्पांना म्हणाले. "हीटर अडकलेला. वरची टाकी कणकेसारखी मऊ झाली होती. आम्ही वेळेवर पोचलो म्हणून खालची माणसं वाचली." मग माझ्याकडे न बघता हात पुढे केला. "पाइप कटर दे."

दिवसभर आम्ही दोघांनी काम केलं. काकांनी स्वतःच्या हाताने तो देखणा पाइप कापला. मी भिंतीला भोक पाडलं. टनडिश बसवलं, खालचा पाइप एक माप जाड घेतला, उतार देत अंगणातल्या गटाराच्या जाळीखाली सोडला. पताका चिकटवायला डिंकाची बाटली शोधत आलेले डॉक्टरसाहेब टॉर्च धरायला थांबले, आणि चांगला धरला. प्रत्येक जोड झाला की काका बाजूला होत. "बघ." मी बघायची. "हं. पुढे."

संध्याकाळी फ्यूज परत घातला. पाणी साठ डिग्रीवर येऊन थर्मोस्टॅट आपोआप बंद झाला. आता सेफ्टी व्हॉल्व्ह हाताने उघडून बघायचा होता. बाहेर गटारापाशी लांब उभं राहून ओरडायला माणूस हवा होता. तीस वर्षं लिहून लोकांना जागं करणारे माझे पप्पा तिथे कोट घालून उभे राहिले.

मी व्हॉल्व्ह फिरवला. नरसाळ्यातून स्वच्छ, जाड धार पडली आणि गेली.

"आलं!" पप्पा बाहेरून ओरडले. "अगं आलं! वाफ बघ!"

फॉर्मवर दोन ओळी होत्या, एक बसवणाऱ्याची आणि एक तपासणाऱ्याची. काकांनी आधी सही केली आणि पेन मला दिलं. ते म्हणाले, "नाव घालवलं नाहीस."

दुसऱ्या दिवशी उद्घाटनाला जो येईल त्याला काका चहाच्या आधी कपाटापाशी नेत होते. "हिने माझं काम नापास केलं होतं, बरं का! सगळ्यांसमोर!" जणू काही त्यांना बक्षीस मिळालं होतं.

माझा 'वापरू नये'चा कागद तिथून गेला होता. त्या जागी पप्पांनी रात्रीतून छापलेलं पत्रक होतं, त्यांच्या आयुष्यातलं सर्वात छोटं: 'या नरसाळ्यातून पाणी पडताना दिसलं, तर हीटर बंद करा आणि माझ्या मुलीला बोलवा. ती सांगेल तसं करा.'

ते अजून तिथेच आहे.