म्हाळूचा वेगळा टोप

शिरूर कासारच्या माळावर मेंढरं राखण्यात म्हाळूची उमर गेली. दुपारी बाभळीखाली बसायचं, हातावर बाजरीची भाकर, तिच्यावर ठेचा आणि बुक्कीनं फोडलेला कांदा. खाल्लेलं कुठं जिरायचं, त्याचं त्यालाच कळत नसे.

मग आतड्याला कॅन्सर निघाला. ऑपरेशन झालं, औषधांचे डोस झाले आणि म्हाळू वाचला. पण पोट पहिलं राहिलं नाही. दवाखान्यातल्या आहाराच्या मॅडमनी सांगितलं होतं, "मऊ खा, थोडं थोडं खा, नवा पदार्थ एकेक करून लावा."

भामाबाईनं नवऱ्यासाठी ते मनावर घेतलं. मऊ भात, मुगाचं वरण, दुधीची भाजी. म्हाळू ताट बघून करवादायचा, "मी काय तान्हं लेकरू हाय?"

"मग लेकरावानी रुसता कावून?" ती म्हणायची.

एकदा माळावर जोडीदार नाथानं फडक्यातली भाकर सोडली. म्हाळूनं मागून घेतली, ठेच्यासकट. तासाभरात पोटात अशी आग पडली, की तो झुडपाआडून बाहेरच येईना. मेंढरं नाथानंच घरी आणली. भामाबाई रागावली नाही. तिनं साखर-मिठाचं पाणी दिलं आणि म्हणाली, "भाकरीचीच हौस हाय ना? मला सांगायचं व्हतं."

पोट थाऱ्यावर आल्यावर तिनं ज्वारीची पातळ भाकर केली, वरणात कुस्करली आणि चतकोरच वाढली. सोसली. पुढच्या आठवड्यात अर्धी झाली. म्हाळूचा चेहरा उजळला.

उन्हाळ्यात नाथाच्या नातीचं जावळ होतं. बोकड कापलेला. जावं का नको, म्हणून म्हाळू घुटमळत पोचला, तर नाथानं चुलीच्या कडेला छोटा टोप ठेवलेला.

"ह्याच्यात मिरची न्हाई, तेल न्हाई. भामावहिनीला इचारून केलंय. त्या दिवशी तुला बघून लई भ्यालतो बे."

पंगतीत राधाकिशन पाटलांनी त्याच्या ताटाकडं बघितलं. "म्हाळू, भूक मेली का रं?"

"न्हाई पाटील, चांगली हाय. फकस्त आता थोडी थोडी येती, अन् घडीघडीला येती."

पंगत हसली. म्हाळूनं पिवळ्या रश्शात भात कालवला, सावकाश चावून खाल्ला आणि नाथाला हाक मारली, "आजून पळीभर वाढ."

पलीकडून बायकांत बसलेल्या भामाबाईनं डोळे वटारले.

"आर्धी पळी," म्हाळू म्हणाला.