स्टायपेंड

मालाड स्टेशनसमोर, फरसाणाच्या दुकानावरच्या एका खोलीत आमचं ऑफिस होतं. दोन ड्रॉइंग बोर्ड, एक सर आणि एक मी. आर्किटेक्चर संपवून तिथे लागले तेव्हा सर म्हणाले, "सुरुवातीला स्टायपेंड मिळेल." म्हणजे पगारापेक्षा कमी, हे मला कळत होतं. तरीही मी कांदिवलीला घरी आले ती दारातूनच ओरडत, "बाबा, स्टायपेंड!"

बाबांचा चेहराच उतरला. "सस्पेंड? पयल्याच दिवशी? काय केलंस गो?"

आईने तर स्टोव्ह बंद केला. मी हसून हसून लोळले. पण गिरणीत राबलेल्या माणसाला दुसरं काय ऐकू येणार? सगळं समजावल्यावर बाबा एवढंच म्हणाले, "म्हंजे तू बदली."

बदली म्हणजे रोज गेटवर जाऊन उभं राहायचं. कोणी गैरहजर असेल तर काम, नाहीतर घरी. संपात गिरणी गेली तोवर बाबा बदलीच होते. पण मी डिग्रीवाली, मला बदली म्हणतात म्हणजे काय! मी दोन दिवस त्यांच्याशी धड बोलले नाही.

माझी मैत्रीण अंधेरीच्या एका मोठ्या ऑफिसात लागली होती. तिला माझ्या दुप्पट पगार. "पण यार, वर्षभर नुसते संडास-बाथरूम काढतेय," ती वैतागायची. "जिना फक्त सीनियरना देतात." आमच्याकडे सीनियर कोण असणार? वाकोल्याची अख्खी इमारत मी काढली, ट्रेसिंगवरच्या चुका ब्लेडने खरवडल्या, स्लॅब भरताना उन्हात उभी राहिले. काय मजा यायची! पैशांची मात्र बोंब.

दुसऱ्या वर्षी सरांनी पगार थोडा वाढवला आणि स्वतःच म्हणाले, "या खोलीत याहून जास्त बसत नाही गं. तू अंधेरीला अर्ज कर."

जाहिरातीत पाच वर्षांचा अनुभव मागितला होता, माझी दोन भरत होती. तिथल्या साहेबांनी वाकोल्याची ड्रॉइंग्ज उलगडली. "यातलं तुम्ही काय केलंत?"

"सगळं."

"सगळं म्हणजे?"

मी जी सुटले ती पायापासून गच्चीवरच्या टाकीपर्यंत. साहेब हसायलाच लागले. मग त्यांनी आकडा सांगितला, तो पाच वर्षांवाल्याचाच! मला तिथेच नाचावंसं वाटलं.

घरी येईपर्यंत तो आकडा मी मनात घोळवत होते. कसा सांगायचा, कुठे थांबायचं, सगळं ठरलं होतं. बाबा दारातच उभे होते.

"नोकरी मिळाली बाबा! आणि पगार..."

"कायम मा?" त्यांनी मध्येच विचारलं.

"हो. कायम."

त्यांनी घाईघाईने शर्ट अडकवला आणि चाळीतलं एकेक दार ठोठावत सुटले. "आमचा चेडू कायम झाला! कायम!"

त्यांचा आवाज पार टोकाच्या खोलीपर्यंत गेला. माझे डोळे भरून आले, आणि आकडा तोंडातच राहिला.