हॅलोबाईंचा कॉम्प्युटर

सगळी गल्ली त्यांना हॅलोबाई म्हणायची. उभी हयात टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेलेली, त्यामुळे दारावरची बेल वाजली तरी तोंडातून आधी ‘हॅलो’ निघायचं आणि मग दार उघडायचं. आवाज असा, की ऐकणाऱ्याला वाटावं पलीकडे पंचविशीतली मुलगी बोलतेय. एकदा नळाला पाणी नाही म्हणून त्यांनी तक्रारीचा फोन केला, तर तिकडच्या कारकुनाने सांगितलं, “ताई, घरात कुणी मोठं माणूस असेल तर त्यांना द्या.” हॅलोबाई तेव्हा सत्तरीला टेकल्या होत्या. “माझ्याहून मोठे आमचे हे होते, ते आता वर आहेत. जोडून देऊ का लाइन?” असं त्यांनी विचारलं, आणि तासाभरात पाणी आलं.

अशा बाईंना घरात स्वस्थ बसवणं म्हणजे भरल्या घागरीला सांडू नको म्हणण्यासारखं. नोकरी कधीच सुटली होती, मग नवराही गेला, आणि त्यांचे दिवस नुसते खिडकीत उभे राहून जायला लागले. त्यातच बाथरूममध्ये पाय घसरला आणि उजवं मनगट मोडलं. प्लास्टर निघाल्यावर व्यायाम शिकवणारी बाई म्हणाली, “बोटं हलती ठेवा, नाहीतर आखडतील.” रबराचा चेंडू दाबून दाबून हॅलोबाई दोन दिवसांत वैतागल्या. तेव्हा त्यांच्या सुनेने त्यांच्या हातात कॉम्प्युटरचा माउस दिला आणि फुगे फोडायचा एक खेळ लावून दिला.

सून फोटोग्राफर होती. नुकत्याच जन्मलेल्या बाळांचे फोटो काढायची. मागची खोली तिचा स्टुडिओ. एका कोपऱ्यात मऊ दुलया आणि टोपल्या, दुसऱ्या कोपऱ्यात टेबल आणि त्यावर जुना कॉम्प्युटर. तिला वाटलं होतं, फुगे फोडण्यात आईंचा महिना जाईल. पण आठवड्याभरात हॅलोबाई म्हणाल्या, “अगं, हे फुगे काही उलट मारत नाहीत. जरा उलट मारणारं काही आहे का?”

होतं. एक किल्ला, त्याला चार दरवाजे, आणि प्रत्येक दरवाजा राखायला एकेक खेळाडू. चौघं आपापल्या घरी बसून, कानाला हेडफोन लावून, एकमेकांशी बोलत शत्रूला थोपवायचे. हॅलोबाईंच्या गटात एक वेल्डर होता, त्याला सगळे ठिणगी म्हणत. एक नर्स होती, तिचं नाव सुई. आणि कॉलेजात शिकणारा एक संथ गडी, गोगलगाय. तिघांचीही एकमेकांशी कधी गाठ पडलेली नव्हती. हॅलोबाईंनी पहिल्याच दुपारी सगळा कारभार हातात घेतला. “ठिणगी, लाइनवर राहा. सुई, तुमच्याकडे तिघे येताहेत. गोगलगाय, बोला, बोला, झोपलात का?” आयुष्यभर माणसं जोडून देणाऱ्या बाईला तीन माणसं जोडून ठेवणं काय जड? तिघांनी त्यांना कॅप्टन करून टाकलं. वय कुणी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही.

अडचण एकच होती. खोली एक, कॉम्प्युटर एक, आणि बायका दोन. सून एखाद्या बाळाच्या गालावरचं पुरळ पुसत असायची आणि दारात हॅलोबाई घड्याळाकडे बघत घसा खाकरायच्या. बरं, मशीनही म्हातारं. फोटो उघडायला लागलं की धापा टाकायचं. खेळात तर शत्रू ऐन दारात आला की चित्र जागच्या जागी गोठायचं, आणि सुटायचं तेव्हा किल्ला पडलेला असायचा. शेवटी एका दुपारी आतून जळक्या रबराचा वास आला आणि पडदा मिटला तो मिटलाच. बाळांचे फोटो वेगळ्या डिस्कवर होते, म्हणून सून वाचली.

“आता नवा घेऊ,” सून म्हणाली. “दोघींना पुरेल असा.”

दुकानदार मोठा हौशी होता. त्याने एक तयार मशीन दाखवलं. काचेची पेटी, आत लाल-निळ्या-जांभळ्या दिव्यांची आरास, पंखेसुद्धा रंग बदलणारे.

“हे घरात ठेवायचं की सर्कशीत?” हॅलोबाईंनी विचारलं.

दुकानदार हसला आणि त्याने खरं काय ते सांगितलं. खेळण्यासाठी म्हणून जे तयार मिळतं, त्यात चित्रं भराभर हलवणारं ग्राफिक्स कार्ड दणकट असतं, पण मेमरी बेताची आणि पडद्याचे रंग भडक. फोटोच्या कामासाठी जे मिळतं, त्याचे रंग खरे, पण खेळायला ते गोगलगाय. “एकाच घरात दोन्ही तऱ्हा असतील तर भाग निवडून आपणच जोडलेलं बरं,” तो म्हणाला. “निवडायला मी मदत करतो. जोडायला जमेल का?”

“वायरी आहेत ना? मग जमेल,” हॅलोबाई म्हणाल्या.

घरी येऊन दोघी कामाला लागल्या. सुनेला भरपूर मेमरी हवी होती, कारण एकेका फोटोचे दहा-दहा थर उघडे ठेवून ती काम करायची. प्रोसेसर मधला चालेल, यावर एकमत झालं. ग्राफिक्स कार्डाशी गाडी आली आणि नेमका त्याच संध्याकाळी नणंदेचा फोन आला. हॅलोबाईंनी लेकीला मोठ्या उत्साहाने सगळं सांगितलं. स्पीकर चालू होता, त्यामुळे लेकीचं उत्तर सुनेनेही ऐकलं.

“आई, या वयात गेमिंगचं मशीन? लोक काय म्हणतील? देवाचं नाव घ्यायचं सोडून ढिशुम ढिशुम करतेस. आणि वहिनीच्या कामाच्या मशीनवर तुझा भार कशाला?”

फोन ठेवल्यावर हॅलोबाई म्हणाल्या, “ती म्हणते त्यात खोटं काय आहे? तू तुझ्या कामापुरतं घे गं. ते मोठं कार्ड राहू दे. म्हातारीचे चाळे ते, हात बरा झाला, आता काय करायचंय?”

आवाज तोच होता, पंचविशीतला, पण त्यातली हवाच गेली होती. पुढचे दोन दिवस त्या पुन्हा खिडकीत उभ्या राहिल्या. सुनेने चहा नेऊन दिला तर कप तसाच गार. सुनेला आठवलं, सासरे गेल्यानंतरचं वर्ष असंच गेलं होतं. जेवण व्हायचं, झोप व्हायची, पण घरात माणूस असून नसल्यासारखं. मग तो खेळ आला, आणि आई जेवताना ‘आज ठिणगीच्या मुलीचा दात पडला’, ‘सुईला रात्रपाळी लागलीय’ अशा बातम्या सांगायला लागल्या. खेळ राहिला बाजूला, बाईंना तीन घरं मिळाली होती.

सुनेचा नवरा बेकरीत कामाला होता. पहाटे जायचा, दुपारी पिठाने पांढरा होऊन परत यायचा. तिने त्याला सांगितलं तर म्हणाला, “तुम्ही दोघी बघा बुवा. मला त्यातलं एक कळत नाही. पण आई खिडकीत नको.”

सून तडक सासूकडे गेली. “आई, इकडे बघा. मोठं कार्ड मी माझ्यासाठी घेतेय.”

“मला गंडवू नकोस.”

“नाही गंडवत. बाळांचे फोटो मी मंद उजेडात काढते, त्यामुळे त्यात रवा सांडल्यासारखे ठिपके येतात. ते पुसायचं काम आता हे कार्डच करतं. जुन्यावर एक फोटो होईपर्यंत माझा चहा करून, पिऊन, कप विसळून व्हायचा. तेव्हा कार्ड लागणारच. आता ते दुपारभर नुसतं बसून राहणार असेल तर त्याच्यावर कुणी चार शत्रू मारले, तर माझं काय जातं?”

हॅलोबाईंनी तिच्याकडे निरखून पाहिलं. खरं-खोटं ओळखण्यात त्यांचा कान तयार झालेला होता. मग त्या म्हणाल्या, “पण पडदा तुझ्या पसंतीचा.”

पडद्यावरून मात्र दुकानात खरी जुंपली. सुनेने एका बाळाचा छापलेला फोटो बरोबर नेला होता. तो प्रत्येक मॉनिटरशेजारी धरून ती तोच फोटो पडद्यावर बघायची. “याच्यावर बाळाला कावीळ झालीय.” पुढे. “हे बघा, हे टोमॅटोसारखं लाल.” पुढे. हॅलोबाई तिच्या मागोमाग माउस घेऊन. पडद्यावरची खिडकी त्या डावीकडून उजवीकडे झपाझप ओढून बघायच्या. “याची शेपूट मागे राहते. शत्रू येऊन जेवून जाईल तरी मला दिसायचा नाही.” सुनेला आवडलेला पडदा त्यांना मंद, त्यांना आवडलेला सुनेला भडक. दुकानदार कधी हिच्या बाजूने, कधी तिच्या बाजूने मान हलवून थकला. अखेर कोपऱ्यात, साध्या काळ्या चौकटीचा एक सापडला. बाळ बाळासारखं दिसत होतं आणि शेपूटही नव्हती. दोघी एकदमच “हा!” म्हणाल्या, आणि दुकानदाराने घाम पुसला.

पेटी हॅलोबाईंनी निवडली. दिवे नकोत, आवाज नको. प्रत्येक पेटीला कान लावून त्या पंख्याची घरघर ऐकत होत्या, डॉक्टर छाती तपासतो तशा. बाकीची गिऱ्हाइकं बघत उभी राहिली, पण हॅलोबाईंना त्याचं काही नव्हतं.

रविवारी सकाळी जेवणाच्या टेबलावर चादर अंथरून कार्यक्रम सुरू झाला. नवऱ्याला स्क्रू सांभाळायला बसवलं. सून हिरवट-काळ्या मदरबोर्डवर एकेक भाग बसवत होती आणि हॅलोबाई वायरी. मेमरीची पट्टी काही केल्या आत जाईना. दाबली तर मोडेल म्हणून सून जोर लावायला धजेना. “अगं, डब्याचं घट्ट झाकण लावतेस ना, तशी दोन्हीकडून दाब. देवाचं नाव घे आणि दाब. तेवढंच लेकीचंही ऐकल्यासारखं होईल.” कट्ट असा आवाज झाला आणि पट्टी बसली.

शेवटी बटण दाबलं. पंखे फिरले, मांजर घोरावं इतक्या हळू. हिरवा दिवा लागला. आणि पडदा काळाकुट्ट.

बंद केलं, पुन्हा चालू केलं. काळा. मेमरी काढून पुन्हा बसवली. काळा. सून रडकुंडीला आली. उद्या तिला जुळ्यांचे फोटो द्यायचे होते. दुकान रविवारचं बंद. नवरा म्हणाला, “माझ्याकडे एक स्क्रू उरलाय, त्याचं काही?” त्याच्याकडे दोघींनी असं पाहिलं की तो स्क्रू घेऊन स्वयंपाकघरात गेला.

हॅलोबाई हळूच म्हणाल्या, “ठिणगीने स्वतःचं मशीन स्वतः जोडलंय. नंबर आहे माझ्याकडे. पण त्याला बघावं लागेल, म्हणजे व्हिडिओ लावावा लागेल.”

सुनेच्या लक्षात आलं. “मी बोलते. तुम्ही मागे थांबा.”

“नको,” हॅलोबाई म्हणाल्या. त्यांनी केसांवरून हात फिरवला, चष्मा पुसला आणि फोन लावला.

फोनच्या पडद्यावर दाढीवाला, धिप्पाड माणूस आला. समोर पांढऱ्या केसांची बाई बघून तो अदबीने म्हणाला, “नमस्कार आजी. कॅप्टन आहेत का?”

“बोलतेय,” हॅलोबाई म्हणाल्या.

तो मागे बघायला लागला, म्हणजे त्यांच्या मागे कुणी उभं आहे का ते. मग आवाज त्याच्या डोक्यात उतरला असावा. “कॅप्टन?”

“लाइनवर राहा, ठिणगी. आधी पडदा काळा का ते सांगा, मग काय हसायचं ते हसा.”

तो हसला. इतका मोठ्याने हसला की त्याची दात पडलेली मुलगी काय झालं बघायला धावत आली, आणि त्याने तिला फोनसमोर धरून सांगितलं, “ही बघ, आमची कॅप्टन!” हॅलोबाईंचे कान लाल झाले. मग त्याने मशीनची मागची बाजू दाखवायला सांगितली. सुनेने फोन फिरवला.

“कॅप्टन, पडद्याची वायर वरच्या भोकात लावलीय. ती मदरबोर्डची जागा. तुमच्या प्रोसेसरला तिथून चित्र देता येत नाही. खाली कार्डावर लावा.”

वायर हॅलोबाईंनी लावली होती.

“राँग नंबर,” त्या पुटपुटल्या. “सगळा जन्म माणसांना ज्याच्या त्याच्याशी जोडून दिलं, आणि स्वतःच्या घरात राँग नंबर!” सुनेला हसू आवरेना. वायर खाली लावली, बटण दाबलं, आणि पडदा लख्ख उजळला. स्वयंपाकघरातून नवरा ओरडला, “स्क्रू ठेवू की टाकू?”

जुळ्यांचे फोटो वेळेत गेले. त्यानंतर सकाळ सुनेची आणि दुपार हॅलोबाईंची, अशी घरात वाटणी झाली. वयाची बातमी ठिणगीने इतरांना सांगितली, पण फरक इतकाच पडला की सुई अधूनमधून रक्तदाबाच्या गोळ्या घेतल्या का ते विचारते आणि हॅलोबाई तिला ‘तुमचा दरवाजा बघा’ म्हणतात. नणंद मुक्कामाला आली, तेव्हा आधी नाक मुरडून दाराशी उभी राहिली, मग स्टूल ओढून बसली आणि शेवटी “आई, मागे! मागे बघ!” म्हणून ओरडायला लागली.

परीक्षा आल्यावर गोगलगाय खेळ सोडून गेला आणि चौथा दरवाजा उघडा पडला. हॅलोबाईंनी दुसरा कुणी शोधला नाही. ठिणगीच्या सांगण्यावरून जुनं मशीनही दुरुस्त झालं होतं, धापा टाकत का होईना, चालण्यापुरतं. त्यावर त्यांनी सुनेला बसवलं आणि तिच्या कानाला हेडफोन लावले. पहिल्याच लढाईत सुनेने भलतीकडे बाण सोडले आणि ती चक्क स्वतःच्या किल्ल्याच्या खंदकात पडली.

“आई, सॉरी,” ती म्हणाली.

शेजारच्या खुर्चीतून, पण हेडफोनमधून, तो पंचविशीतला आवाज कडाडला, “इथे आई-बिई कुणी नाही. बाहेर या आणि उजवीकडचा दरवाजा सांभाळा. चार जण येताहेत.”