नऊ मिनिटांचा उपास

आमचा मामा घड्याळजी. भिंगातून दिसतं तेवढंच खरं, बाकी सगळं अंदाजपंचे, असं त्याचं ठाम मत. गप्पिष्ट इतका, की गिऱ्हाईक घड्याळ न्यायला येतं आणि चहा पिऊन घड्याळ विसरून जातं.

हा माणूस मनाच्या आजारासाठी गोळ्या घेतो. गोळ्या गुणी आहेत, पण अंगात पाणी कमी पडलं की त्यांचंच विष होतं. आणि आम्ही पडलो यहुदी! प्रायश्चित्ताच्या दिवशी आमच्यात पंचवीस तास अन्न सोडाच, पाण्याचा थेंबही चालत नाही. गेल्या वर्षी मामाने गुपचूप कडक उपास केला आणि आठवडाभर दवाखान्यात जाऊन पडला. मला अजून राग आहे त्याचा.

यंदा धर्मगुरूंनीच दटावलं, "आधी जीव. दर नऊ मिनिटांनी छोटा घोट घ्यायचा. आजाऱ्यासाठी धर्मातच तशी सोय आहे." नऊ मिनिटं म्हटल्यावर स्वारी खूश! तीन घड्याळं जुळवून ठेवली, घोट केवढा ते औषधाच्या कपाने मोजून पाहिलं.

आणि त्या दिवशी दुपारी प्रार्थनागृहात त्याची जागा रिकामी! सापडला मागच्या जिन्यावर. शेजारी पाण्याची बाटली, काठोकाठ भरलेली. माझं डोकंच फिरलं.

"सकाळपासून एकही घोट नाही?"

"सगळे उपाशी, आणि मी तेवढा पाणी पीत बसू? लाज वाटते गं."

मी धावत जाऊन आईला आणलं. आई म्हणजे त्याची थोरली बहीण. तापाने फणफणली तरी तिने हा उपास कधी मोडलेला नाही. आता मामाची खरडपट्टी निघणार, असं मला वाटलं. तिने बाटलीचं झाकण काढलं आणि बाटली सरळ स्वतःच्या तोंडाकडे नेली.

"ताई! वेड लागलं का? पाप लागेल!"

"तुला एकट्याला लाज वाटते ना? मग मीही पिते."

मामाने बाटली हिसकावली आणि मुकाट्याने घोट घेतला. आईने त्याच्या हातातलं घड्याळ काढून घेतलं आणि पायरीवर बसकण मारली.

"ताई, नऊ झाली."

"आठच झालीत. घड्याळजी म्हणे!"

अंधार पडेपर्यंत ती तिथून हलली नाही. उपास सुटल्यावर कुणीतरी मामाला विचारलं, "कसा गेला?"

"एकदम कडक! दुपारपासून एक घोट चुकला नाही."

आईच्या प्रार्थनेच्या पुस्तकातली खूण मात्र दुपारच्याच पानावर होती. दिवस मावळतानाची, वर्षातली सगळ्यात मोठी प्रार्थना तिने पहिल्यांदाच चुकवली होती.