ठमीचे मागचे पाय

गल्लीत तिला सगळे कवायतवाली म्हणत. आधी टिंगल म्हणून, मग सवयीनं. पूर्वी माणसांच्या इस्पितळात ती लुळे हातपाय चालते करायची. एकदा मोठ्या डॉक्टरांना तोंडावर "तुमचं चुकतंय" म्हणाली आणि घरी बसली. मग जनावरांच्या दवाखान्यामागची खोली घेतली, काचेची टाकी आणली, तिच्या तळाशी सरकता पट्टा. कंबर धरलेले कुत्रे आले, लंगड्या मांजरी आल्या, एक ससाही येऊन गेला. कुत्री चावतात, पण वर तक्रार करत नाहीत, एवढ्यावर ती खूश होती.

थोरला भाऊ मात्र चारचौघांत सांगायचा, "आमची धाकटी कुत्र्यांना चालायला शिकवते." आणि हसायचा. हसू थांबलं ते त्याची ठमी सोफ्यावरून पडली तेव्हा. ठमी म्हणजे त्याची कुत्री, लांबुडकी, आखूड पायांची. लोडाला कान फुटावेत तशी. तिचे मागचे पाय गेले. वहिनी वारल्यापासून घरात हे दोघंच. ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, सोमवारी बघतो. तोवर पाय हलले नाहीत तर मागे चाकं बांधायची, जन्मभर. मग भाऊ ठमीला उचलून रोज धाकटीच्या टाकीवर आणू लागला.

टाकीची रीत साधी. पाणी पोटापर्यंत असलं की अंगाचा भार पाणी उचलतं आणि पाय पट्ट्याला टेकतात. त्याहून वर गेलं की कुत्रं तरंगतं, पुढच्या पायांनी वल्हवतं, मागचे दोन नुसते पाहुण्यासारखे येतात. ठमीचं रोज हेच. कवायतवाली पट्टा तपासायची, ठमीची पाठ चाचपायची आणि स्वतःवरच चरफडायची.

शनिवारी ती टॉवेल आणायला गेली. परत येते तो पाणी ठमीच्या पाठीला लागलेलं आणि दादाचा हात नळावर.

"दादा, नळ सोडलास?"

"थोडासाच."

"रोज?"

"दमते गं ती. बघवत नाही."

"बघवत नाही तर डोळे मिट! मी काय हिला पोहायला शिकवतेय?"

"ओरडू नकोस, घाबरते ती."

"ती कशाला घाबरेल? घाबरतोस तू. निघ बाहेर."

"मोठा आहे मी तुझ्यापेक्षा."

"मग मोठ्या माणसासारखा दाराबाहेर बस."

दादा गेला. तिनं टाकीतलं पाणी पोटापर्यंत उतरवलं. ठमीचे पाय पट्ट्याला लागले. तिनं मान दाराकडे केली आणि कुंई केलं.

"रडतेय का?" बाहेरून आवाज आला. त्या आवाजासरशी ठमीनं अंग पुढे रेटलं.

"बोलत राहा," कवायतवाली म्हणाली. "पण आत आलास तर याद राख."

"काय बोलू?"

"काहीही."

"तू पण उशिराच चाललीस," दादा दाराआडून म्हणाला. "कडेवरून उतरायचंच नाव नाही. आई म्हणायची, हिला खाली ठेव रे. मी ठेवायचो नाही."

मागचा उजवा पंजा उलटा घासत होता. तो वळला, सपाट टेकला आणि त्यानं पट्टा ढकलला. मागून डावा आला, लटपटत, पण आला.

कवायतवालीनं तोंडावर हात ठेवला. सांगितलं असतं तर दादा दोन्ही हात पसरून आत घुसला असता.

"मग चाललीस ती मी शाळेत गेलो तेव्हा," दादा म्हणाला आणि बोलायचा थांबला. दारामागे कुणीतरी नाक ओढलं.

"गप्प का झालास?" ती खेकसली. "थांबली ना ती!"