अन्नपूर्णाचा फोन अन् डब्यातले दोन महिने

माझी भाची अन्नपूर्णा फुलचूरला माझ्याच घरी राहते. समोरच्या खोलीत तिची शिलाई मशीन आहे. गोंदियातल्या बायका तिकडची मोठी दुकानं सोडून तिच्याकडे ब्लाऊज टाकायला येतात. एक तर तिच्या हातचं माप चुकत नाही, आणि दुसरं म्हणजे ती "पुढच्या आठवड्यात या" असं म्हणत नाही. काहीच म्हणत नाही. जन्मापासून तिला ऐकू येत नाही, म्हणून बोलणंही आलं नाही. बोटांनी तारीख दाखवते आणि त्या तारखेला ब्लाऊज तयार असतो.

मूळची ती कामठ्याची, माझ्या धाकट्या बहिणीची लेक. मुक्या-बहिऱ्या मुलांच्या शाळेत वसतिगृहात राहून सातवी शिकली. मी चवथीतून शाळा सोडली, तरी घरातली जाणती बाई मीच, असं मी धरून चालत होते. तिचा नवरा कोहमाऱ्याजवळ हायवेवर अपघातात गेला तेव्हा लेक खुशबू सहा वर्षांची होती. दोघींना मी इकडे घेऊन आले. आता खुशबू नागपूरला नर्सिंगचं शिकते.

मायलेकींचं बोलणं हातांचं. शाळेत शिकवलेल्या खुणा थोड्या आणि घरी बनवलेल्या जास्त. नाकाशी चिमूट नेली की खुशबू. माझ्यासाठी चार बोटं आणि अंगठा एकमेकांवर टपटप आपटायचे, म्हणजे तोंड चालवणारी. इतकी वर्षं झाली, दुसरी खूण काही मिळाली नाही.

खुशबू नागपूरला गेली आणि अन्नपूर्णाला मोठ्या पडद्याचा फोन घ्यावा लागला. ज्यात माणूस दिसतो तोच तिच्या कामाचा. बाजारात कुशलभाऊचं मोबाईलचं दुकान आहे, तिथून ऑगस्टच्या बारा तारखेला घेतला. स्वतःच्या शिलाईच्या पैशानं, हप्ता न करता. घरी आणून डबा उघडायला गेली तर मीच तिचा हात धरला.

आमच्या घरी नवी वस्तू चौदा ऑक्टोबरला वापरायला काढतात. धम्मदीक्षेचा दिवस. माझे सासरे छप्पन साली नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले, तेव्हापासूनची ही रीत. आमच्याकडे सायकल, टीव्ही, मिक्सर, सगळे आधी बाबासाहेबांच्या फोटोपुढे बसले आणि मग कामाला लागले. अन्नपूर्णानं दोन बोटं दाखवली, दोन महिने थांबायचं? मी मान डोलावली. मोठ्यांपुढे ती जास्त हट्ट करत नाही. फोन कपाटात गेला. चौदा ऑक्टोबरला सकाळी मेणबत्ती लावली, वंदना घेतली, आणि मग फोन सुरू झाला.

त्या दिवसापासून रोज संध्याकाळी सात वाजता ती फोन मशीनला टेकवून ठेवायची आणि दार लोटून घ्यायची. आत तासभर हात चालायचे. बाहेर मला फक्त बांगड्या ऐकू यायच्या.

पुढच्या वर्षी सप्टेंबर लागला आणि एका सकाळी फोननं स्वतःच नवीन काहीतरी भरून घेतलं. त्याला अपडेट म्हणतात. त्यानंतर पडद्यावर वरून खाली एक हिरवी रेघ आली. दुसऱ्या दिवशी तीन झाल्या. चौथ्या दिवशी पडदा काळा. आत घंटी वाजत होती, म्हणजे ती मला ऐकू येत होती. जिचा फोन तिला त्याचा काय उपयोग?

आम्ही दोघी कुशलभाऊच्या दुकानात गेलो. त्यानं बिल बघितलं.

"अम्मा, वारंटी तो बारा अगस्त को खतम."

"अजी, एका महिन्यानं का होते?"

"एक दिन से भी होता है, अम्मा. कंपनीचं सेंटर आहे, तिथं जा."

सेंटरवरच्या पोरानं फोन उलटापालटा करून सांगितलं, डिस्प्ले बदलावा लागेल, साडेआठ हजार. वर म्हणाला, "पाणी गया होगा, नहीं तो गिराया होगा." अन्नपूर्णा ओठ बघून अर्धं समजते. तिनं दोन्ही हात जोरात हलवले. पोरगा माझ्याकडे बघून म्हणाला, "इनको समझा दो, आंटी."

मग मी कंपनीच्या नंबरावर फोन लावला. आधी मशीन बोलली, मग गाणं वाजलं, मग एक पोरगी आली.

"मॅडम, जिनके नाम पर बिल है, उन्हीं से बात कराइए."

"ते बोलत नाही."

"उनको फोन दीजिए, मॅडम."

"अवं बाई, तिले बोलताच येत नाही, म्हणून तं तुमचा फोन घेतला!"

"तो फिर शिकायत दर्ज नहीं हो पाएगी, मॅडम. आपका दिन शुभ हो."

माझा दिवस काही शुभ झाला नाही.

आता मायलेकींना माझा फोन उरला. तो नातवाचा जुना. त्याची चार्जिंगची वायर एका बाजूला दाबून धरली तरच चालतो, सोडली की बंद. म्हणजे बोलणं अन्नपूर्णाचं आणि फोन धरून तिला खेटून बसणार मी. हात माझा अडकलेला, पण डोळे मोकळे. मला सगळं दिसायचं. खुशबूलाही मी दिसायची. खाल्लं का, झोप होते का, अभ्यास कसा, एवढं झालं की पोरीचे हात मांडीवर जायचे.

एकदा पोरीचे डोळे सुजलेले होते. अन्नपूर्णानं विचारलं, काय झालं? खुशबूनं माझ्याकडे बघितलं आणि हातानं म्हणाली, नंतर. दुसऱ्या दिवशीही नंतर. तिसऱ्या दिवशी काहीच नाही, सगळं ठीक. त्या आठवड्यात अन्नपूर्णानं पहिल्यांदा एका बाईचा ब्लाऊज उसवून पुन्हा शिवला. लेकीच्या मनात काहीतरी होतं आणि मध्ये मी बसलेली होते, वायर दाबून.

मी तिला सांगितलं, माझ्याजवळ थोडे पैसे आहेत, दुसरा घेऊन टाक. तिनं जोरात मान हलवली. बोटानं सेंटरची दिशा दाखवली, मग फोन खाली पाडल्यासारखं केलं, मग स्वतःच्या छातीवर बोट ठेवून नाही नाही केलं. दुसरा घेतला तर त्या पोराचं म्हणणं खरं ठरते, असं तिचं होतं.

आमच्या गल्लीच्या टोकाला रीताचं ऑनलाइन अर्जांचं दुकान आहे. जातीचा दाखला, परीक्षेचा फॉर्म, सगळं तिथंच. रीतानं बिल वाचलं, फोन बघितला आणि मलाच विचारलं, "आजी, सेंटरवाल्याकडून जॉबशीट घेतली का?"

"ते का असते?"

"फोन कोणत्या हालतीत आला, ते लिहिलेला कागद. तो घेतल्याशिवाय तुम्ही काऊन परत आल्या?"

"मले का माहीत बाप्पा! त्यानं जा म्हटलं, आलो."

"वारंटी संपली म्हणजे हक्क संपला असं नाही, आजी. वस्तूत आतूनच दोष असेल तर ग्राहक आयोगात तक्रार करता येते. अडचण निघाली त्या दिवसापासून दोन वर्षं मुदत आहे. पाच लाखांपर्यंतच्या वस्तूला फी नाही. वकील लागत नाही. पण दोष आतला आहे हे आपल्याले दाखवावं लागते. म्हणून कागद पाहिजे."

दुसऱ्या दिवशी रीता स्वतः आमच्यासोबत सेंटरवर आली. कागद हातात पडेपर्यंत हलायचं नाही, असं ती ठरवूनच आली होती. आम्ही तिघी बाकावर बसून राहिलो. शेवटी त्या पोरानं फोन उघडून तपासला आणि लिहून दिलं: पाणी गेल्याची खूण नाही, पडल्याची खूण नाही, डिस्प्ले बंद. सही, शिक्का.

रीतानं आधी १९१५ या सरकारी नंबरावर तक्रार टाकली. कंपनीचं उत्तर आलं, वारंटी संपली. मग रजिस्टर पोस्टानं नोटीस गेली. तिला उत्तरच आलं नाही. मग आयोगात तक्रार, कंपनीवर आणि दुकानावर. तक्रार लिहिताना रीतानं विचारलं, "फोन कधीपासून वापरून राहिली?" अन्नपूर्णा घरी मशीनवर होती. मीच सांगितलं, "घेतला तेव्हापासून." फोन दोन महिने कपाटात ठेवायला लावला, हे त्या कागदावर कशाला? शिकलेले लोक हसतील. आणि लावला कोणी? मी. अन्नपूर्णानं तयार कागदावर सही केली. मावशीनं सांगितलं म्हणजे बरोबरच असेल, असं तिला वाटलं असावं.

कंपनीचं लेखी उत्तर यायला जानेवारी उजाडला. त्यात लिहिलं होतं, बिघाड वापरणाऱ्याच्या निष्काळजीपणामुळे झाला. रीतानं वाचून दाखवलं आणि अन्नपूर्णानं तो कागद स्वतःकडे ओढून पुन्हा वाचला. त्या शब्दाखाली तिनं नखानं रेघ ओढली.

मार्चमध्ये तारीख लागली. समोर अध्यक्ष मॅडम आणि बाजूला एक साहेब. कंपनीकडून नागपूरचा तरुण वकील. मी अन्नपूर्णाच्या बाजूला उभी, इकडचं तिकडं सांगायला. सुरुवातीला जमलं. मॅडमनं विचारलं, हिनं स्वतः कंपनीच्या नंबरवर फोन का नाही केला? अन्नपूर्णाचे हात हलले आणि मी सांगितलं, "ती म्हणते, मॅडम, मी हाक मारली तं त्यायले आयकू येईल का?" मॅडम हसल्या. माझी हिंमत वाढली, आणि तिथंच माझं चुकलं.

वकील म्हणाला, "वॉरंटीचे पूर्ण बारा महिने फोन व्यवस्थित चालला. बरोबर?"

"हो जी," मी म्हटलं. अन्नपूर्णाला विचारलंच नाही.

तिनं माझ्या पदराला हिसका दिला. काय विचारलं? मी हातानं सांगितलं, काही नाही. तिनं वकिलाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मग माझी ती खूण केली, चार बोटं आणि अंगठा, आणि दुसऱ्या हातानं ती टपटप मुठीत गच्च दाबून टाकली. गप्प बस, हे सांगायला दुभाषी लागला नाही.

वकिलाला संधीच मिळाली. "मॅडम, या बाई नातेवाईक आहेत, अधिकृत दुभाषी नाहीत. यांचं भाषांतर कसं मानायचं?"

मॅडमनं एक कोरा कागद पुढे सरकवला आणि लिहिण्याची खूण केली. अन्नपूर्णानं वाकून लिहिलं. सरळ अक्षर, माझ्याहून कितीतरी चांगलं. मॅडमनं मोठ्यानं वाचलं:

"मावशीने मला न विचारता सांगितले. फोन बारा महिने चालला नाही. दोन महिने डब्यात होता. चौदा ऑक्टोबरला वंदना करून सुरू केला. अकरा महिने चालला. अपडेट आले. रेघ आली. काळा झाला. मी पाडला नाही."

"डब्यात का ठेवला होता?" मॅडमनं मला विचारलं.

आता सांगावंच लागलं. सासरे, छप्पन साल, सायकल, मिक्सर, सगळं. वकील खाली बघून हसला. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी वकिलाला विचारलं, "फोन पहिल्यांदा सुरू झाल्याची नोंद कंपनीकडे असते ना?"

"असते, मॅडम. पण वॉरंटी बिलाच्या तारखेपासून..."

"ते माहीत आहे. पण उत्तरात तुम्ही निष्काळजीपणा लिहिलाय आणि तुमच्याच सेंटरचा कागद नाही म्हणतो. नोंद आणा आणि निष्काळजीपणाचा पुरावा आणा."

घरी येताना ऑटोत अन्नपूर्णा माझ्याशी बोलली नाही. म्हणजे हात मांडीवर ठेवून बाहेर बघत बसली. मी दोनदा खुणा केल्या, तिनं बघितल्या नाहीत. मुक्या माणसाचा अबोला कसा असतो ते मला त्या दिवशी कळलं. फुलचूरला उतरल्यावर मी तिच्यापुढे उभी राहिले, स्वतःचे कान धरले. तिनं माझे हात खाली केले आणि घरात जाऊन चहा ठेवला. दोन कप ठेवला, म्हणून मी समजले.

एप्रिलच्या तारखेला वकील नोंद घेऊन आला. चौदा ऑक्टोबर, सकाळी सात चाळीस. निष्काळजीपणाचा पुरावा काही आणला नव्हता. तोच म्हणाला, कंपनी आपसात मिटवायला तयार आहे. डिस्प्ले फुकट बदलून देते आणि त्यावर सहा महिन्यांची वॉरंटी. सोबत आलेल्या रीतानं माझ्याकडे बघितलं. मी या वेळी तोंड मिटून अन्नपूर्णाकडे बोट केलं.

वकिलानं पुढे केलेला तडजोडीचा मसुदा तिनं दोनदा वाचला. मग पेन घेऊन खाली लिहिलं, "निष्काळजीपणा हा शब्द परत घ्या. माझ्या वापरामुळे फोन बिघडला नाही असे लिहा."

"फोन मिळतोय ना ताई? मग त्या एका ओळीचं काय एवढं?" वकील म्हणाला आणि ते त्यानं कागदावरही लिहिलं. शिकला होता तोवर.

अन्नपूर्णानं त्याखाली लिहिलं, "मग लिहायला तुम्हाला काय हरकत?"

वकिलानं बाहेर जाऊन कंपनीला फोन केला. बराच वेळ फिरून फिरून बोलला. आत येऊन ती ओळ लिहिली. मग अन्नपूर्णानं सही केली.

आठ दिवसांनी आम्ही सेंटरवर जाऊन फोन आणला, नव्या पडद्याचा. या वेळी मी चौदा ऑक्टोबरचं नाव काढलं नाही. ऑटोतच तिनं तो सुरू केला.

संध्याकाळी सात वाजता फोन मशीनला टेकवला. पडद्यावर खुशबू आली. मी सवयीनं खुर्ची घेऊन आत गेले. खुशबूनं मला बघितलं आणि तिचे हात थांबले. अन्नपूर्णानं मागे वळून माझ्याकडे बघितलं. रागानं नाही, नुसतं बघितलं.

मी खुर्ची उचलून बाहेर आले. तिनं दार लोटलं आणि आतून कडीही लावली. बांगड्या वाजायला लागल्या. आधी सावकाश, मग भराभर, मग एकदम थांबल्या, बराच वेळ. पोरीनं काय सांगितलं असेल? मी खुर्ची अंगणात नेली आणि तांदूळ निवडायला बसले. दीड तास झाला तरी दार उघडलं नव्हतं.