पित्ताला सोलं

गणपती पोचवले की आमच्या घरात कुणाला धीर नसतो. श्रावणापासून नुस्तं, म्हणजे मासळी, बंद, म्हणून विसर्जनाच्या दुसऱ्याच दिवशी डिचोलीच्या बाजारातून तिसऱ्या शिंपल्या आल्या. खाणी तेव्हा धडाक्यात चालू होत्या आणि माझा नवरा खनिजाचा ट्रक चालवायचा. मूळचा सावंतवाडीकडचा; तिसऱ्यांच्या सुक्यासाठी जीव देईल असा. त्या दुपारी तो खरोखरच देता देता राहिला.

हात धुऊन उठला तोच अंगावर लाल गांधी आल्या. आमच्याकडे गांधी म्हणजे पित्त आणि पित्ताला कोकमाची सोलं, यापलीकडे कुणी विचारच करत नाही. सोलं भिजवून मी त्याच्या पाठीला चोळत होते आणि तो हसत होता. "अगो, पित्तच ता, जातला." मग त्याचा आवाज घोगरा झाला, ओठ सुजले. पाणी दिलं तर गिळवेना. शेजाऱ्याच्या रिक्षात घालून त्याला साखळीच्या दवाखान्यात नेलं, तेव्हा त्याचा श्वास शिट्टीसारखा वाजत होता.

डॉक्टरांनी मांडीत इंजेक्शन दिलं आणि पणजीजवळच्या मोठ्या इस्पितळात पाठवलं. तिथे पोचेपर्यंत स्वारी उठून चहा मागायला लागली होती. "मी बरो आसंय. चल घराक."

तेवढ्यात एक तरुण डॉक्टरीण आली. संमती असेल तर थोडं रक्त आता, थोडं नंतर आणि थोडं महिन्याने घेऊ म्हणाली. माझं डोकं फिरलं. "माणूस मरणाच्या दारातून आलाय, आणि तुम्हाला रक्त हवंय?"

ती चिडली नाही. म्हणाली, जनुकं जन्मभर तीच राहतात, पण कुठलं कधी कामाला लागेल ते बदलतं. अशा ॲलर्जीच्या झटक्यात रक्तातल्या पेशींमधली कितीतरी जनुकं थोड्याच वेळात जागी होतात, काही गप्प होतात. तेच त्यांच्या संशोधनात पाहायचं होतं. "चोर आला म्हणून अख्खा वाडा दांडे घेऊन उठतो आणि घरच्यांनाच झोडतो, तसं."

"मग आता निजला का वाडा?"

"ते आजच सांगता येत नाही. काही न खाताही हे परत येऊ शकतं. त्यांना इथेच राहू द्या."

रक्त द्यायला तो तयार झाला, पण राहायचं त्याला पटेना. मी त्याच्या चपला पिशवीत कोंबल्या आणि पिशवीवर बसले. भांडण्याइतका दम त्याच्यात नव्हता, म्हणून हसला. संध्याकाळी मानेवर पुन्हा गांधी आल्या आणि बोलता बोलता त्याचा आवाजच गेला. मी किंचाळले. नर्स धावत आली, दुसरं इंजेक्शन दिलं. तो सावरला. आता हा पुन्हा कधी असा गुदमरेल, एवढं एकच डोक्यात होतं.

महिन्याने शेवटचं रक्त दिलं. तो लगेच म्हणाला, "मगे आता तिसऱ्यो खाऊक हरकत नाय मां?"

"वाडा शांत झाला असेल," डॉक्टरीण म्हणाली, "पण चोराचा चेहरा विसरलेला नाही. जन्मात खायच्या नाहीत."

तो पुन्हा हसला. बसमध्ये मी तोंड सोडलं. मरायला टेकला होतास तेव्हाही दात काढत होतास, तुला कसली भीतीच नाही, असं बरंच काही बोलले.

"भियालंय काय माका हसूच येता, अगो," तो म्हणाला. "ल्हानपणापासून. आतासुद्दा."

मी त्याच्याकडे बघितलं. तो हसतच होता.